'इंडिजिनस' हा शब्द कुठं वापरायचा आणि कुठं तोंड बंद ठेवायचं

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे हे सगळं लिहायला का बसलो ते कळंल. डिग्री झाल्यावर एका नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेलतो, भावाचा इस्त्रीचा शर्ट घालून. समोरच्या मॅडमनी फॉर्म बघितला अन् म्हणल्या, बीडचे का तुम्ही, मग बीडचं काय विशेष सांगाल. आता मी आदल्या रात्रीच एक जड शब्द पाठ केलता आणि तो कुठंतरी वापरायचाच होता, म्हणून छाती पुढं काढून सांगितलं, 'मॅडम, कस्टर्ड ॲपल इज इंडिजिनस टू बीड.' त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि एवढंच विचारलं, 'इंडिजिनस, ऑर फेमस?' मला दोन्हीतला फरक कुठं माहीत, मी म्हणलं, 'बोथ, मॅडम.' शेजारचे सर पाणी प्यायलते, त्यांना ठसकाच लागला.

नोकरी मिळाली नाही हे सांगायची गरज नाही. पण त्या एका प्रश्नामुळं हा शब्द मला कायमचा कळाला, आणि आता संध्याकाळी पोरांना इंग्रजी शिकवतो तेव्हा दरवर्षी कुणीतरी तीच चूक करतंय. म्हणून नवीन पोरापोरींसाठी एकदाच नीट लिहून टाकतो. स्पर्धा परीक्षावाले, लातूरला नीटची तयारी करणारे, किंवा नुसतं इंग्रजी पेपर वाचायची सवय लावायलेले, सगळ्यांना उपयोगी पडंल.

पायरी पहिली: आधी शब्द तोंडात बसवा

उच्चार इन्-डिज्-इ-नस. जोर 'डिज्' वर. आपल्याकडं दहातले सहा जण 'इंडिजिनियस' म्हणतात, तो 'यस' कुठून येतो देव जाणे, बहुतेक 'जीनियस'च्या नादानं येत असंल. स्पेलिंग आय-एन-डी-आय-जी-ई-एन-ओ-यू-एस, दहा अक्षरं, एन नंतर थेट ओ-यू-एस, मधे आय घालायचा नाही. आणि सुरुवात स्वरानं होती म्हणून 'ॲन इंडिजिनस ब्रीड', 'अ' नाही.

यासारखे दिसणारे दोन शब्द आहेत त्यांच्यापासून सांभाळून राहा. 'इंडिजेंट' म्हणजे गरीब, कंगाल. 'इन्जीनियस' म्हणजे डोकेबाज. एका पोरानं निबंधात आदिवासींबद्दल लिहिताना 'इंडिजेंट पीपल' लिहिलं, त्याला म्हणायचं होतं मूळचे लोक आणि झालं कंगाल लोक.

पायरी दुसरी: 'इंडि' म्हणजे इंडिया नव्हे

ही चूक मी पण केली होती, कारण दिसायला तसंच दिसतं आणि आपल्या पेपरात हा शब्द येतोही तसाच, 'इंडिजिनस विमानवाहू जहाज' वगैरे, मग वाटतं इंडियात बनलं म्हणून इंडिजिनस. तसं काही नाही. इंडिया आला सिंधू नदीवरून. इंडिजिनस आला लॅटिनमधून, त्यात पहिला तुकडा म्हणजे 'आत' आणि दुसरा तुकडा 'जेन' म्हणजे जन्मणं. हा 'जेन' आणि आपल्या संस्कृतातला 'जन्' हे एकाच खानदानातले. जन्म, जनन, जनक यातला जो 'जन' तोच. म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ 'आत जन्मलेला', त्या जागेच्या पोटातच जन्मलेला. एवढं डोक्यात ठेवलं की अर्थ विसरत नाही. (नीळ म्हणजे 'इंडिगो' मात्र खरंच इंडियावरूनच आलाय, तो वेगळा.)

म्हणून ब्राझीलमधले, ऑस्ट्रेलियातले, कॅनडातले मूळ लोकसुद्धा इंडिजिनसच. इंडियाचा काही संबंध नाही.

पायरी तिसरी: वाक्यात 'टू' लावा, आणि 'टू'च्या पुढं जागा लिहा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि पुस्तकं ती दोन ओळीत उरकतात. नुसतं 'धिस प्लांट इज इंडिजिनस' म्हणलं तर समोरचा विचारणार, कुठला? जागा सांगितल्याशिवाय वाक्य लंगडं. 'इंडिजिनस टू मराठवाडा', 'इंडिजिनस टू साऊथ अमेरिका' असं. 'इंडिजिनस ऑफ' नाही, 'इंडिजिनस फ्रॉम' नाही. ऑफिसच्या इंग्रजीत जिथं आधीच देश कळालेला असतो तिथं जागा गाळतात, जसं 'इंडिजिनस कॅटल', पण ते त्यांचं.

आणि जागा लिहिताना ती किती मोठी धरायची याचा विचार करा, कारण जागा बदलली की वाक्य खरं-खोटं होतं. देवणी गाय घ्या. नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून. पण ही जात सीमेपलीकडं बिदरकडंही पूर्वीपासून आहे, गायीला काय माहीत महाराष्ट्र कुठं संपला. म्हणून 'इंडिजिनस टू लातूर डिस्ट्रिक्ट' लिहिलं तर बिदरवाला भांडायला येईल, 'इंडिजिनस टू मराठवाडा अँड द अडजॉइनिंग पार्ट्स ऑफ कर्नाटक' लिहिलं की कुणाची तक्रार नाही. निसर्गातल्या गोष्टी जिल्हे बघून जन्मत नाहीत, जिल्हे आपण नंतर पाडले. मराठवाड्याचे तर आधी पाच होते, आता आठ झाले.

पायरी चौथी: 'जन्म कुठला' हा एकच प्रश्न विचारा

आता माझ्या सीताफळाकडं येतो. बालाघाटच्या डोंगरात, धारूरकडं, अंबाजोगाईच्या आसपास सीताफळं इतकी आहेत की कुणी लावलीत असं वाटतच नाही, आपोआप उगवतात, गुरं खात नाहीत, माणसं पाट्या भरून आणतात. नावात तर सीताच. बीडच्या सीताफळाला जीआय टॅगसुद्धा मिळालाय. आणि तरीही झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. म्हणजे फेमस शंभर टक्के, इंडिजिनस शून्य टक्के. मॅडमचा प्रश्न एवढाच होता.

यात तीन गोष्टी लोकांना फसवतात.

एक, नाव. चिंचेचं शास्त्रीय नाव 'टॅमरिंडस इंडिका', इंग्रजी 'टॅमरिंड' हा शब्द अरबी 'तमर हिंदी'वरून, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. दोन्ही नावांत आपला देश, आणि झाड मूळचं आफ्रिकेचं. नाव ठेवणाऱ्यांनी जिथं बघितलं तिथलं नाव दिलं. उलट मोसंबी आपली जालन्याची म्हणून सांगतो, तर तिच्या नावातच मोझांबिक बसलाय.

दुसरं, जीआय. मित्रांनो, जीआय म्हणजे इंडिजिनस असल्याचं सर्टिफिकेट नाही. जीआय सांगतो की या मालाची गुणवत्ता किंवा नाव या जागेशी जोडलेलंय, त्या नावानं दुसऱ्या गावचा माल विकायचा नाही. झाडाचा जन्म कुठला हे जीआय विचारतच नाही. मराठवाडा केसर आंब्याला जीआय आहे, पण केसर हा वाणच गुजरातचा, जुनागढकडचा, आणि गीर केसरलाही स्वतःचा जीआय आहे. याच्यापेक्षा भारी उदाहरण तुळजापूरचं. आई भवानीच्या भक्ताच्या गळ्यातली कवड्याची माळ तुळजापूरशिवाय डोळ्यापुढं येत नाही, पण कवडी हे समुद्रातल्या गोगलगायीचं कवच, आणि तुळजापूर आहे बालाघाटाच्या डोंगरावर. माळ तिथली, परंपरा तिथली, कवडी नाही. इंग्रजीत लिहायचं तर 'द कवडी माला ट्रॅडिशन बिलाँग्स टू तुळजापूर' लिहा, 'कवडीज आर इंडिजिनस टू तुळजापूर' लिहिलं तर जीवशास्त्राचा सर डोक्याला हात लावंल.

तिसरं, वय. 'आमच्या पणज्याच्या आधीपासून आहे' हे कारण चालत नाही. ज्वारी आपल्याकडं हजारो वर्षांपासून आहे तरी मूळची ईशान्य आफ्रिकेची. मग बाहेरून येऊन इथंच रुळलेल्या झाडाला काय म्हणायचं? त्याला 'नॅचरलाइज्ड' शब्द आहे, म्हणजे इथला होऊन गेलेला, न लावता स्वतः वाढणारा. सीताफळाला हा शब्द एकदम फिट बसतो. मराठी व्याकरणातल्या परभाषीय शब्दांसारखंच हे, 'टेबल' बाहेरचा पण आता कुणाला बाहेरचा वाटतो. आणि 'झाड', 'धोंडा' हे व्याकरणवाले ज्यांना देशी शब्द म्हणतात ते झाले इंडिजिनस.

आणि खरंच आपलं काय? तूर आपली. मूग, उडीद आपले. लिंब, म्हणजे कडुनिंब, याच भागातला. गावरान कापूस, ज्याला देशी कापूस म्हणतो, तो भारतीय उपखंडातला. सध्या शेतात जो बीटी दिसतो तो जवळपास सगळा अमेरिकन जातीचा, वेगळ्या खंडातला चुलतभाऊ. परभणीच्या कृषी विद्यापीठात देशी कापसावर कित्येक वर्षं काम चाललंय, त्यांच्या इंग्रजी कागदात 'देसी कॉटन' किंवा 'इंडिजिनस कॉटन' दिसंल ते हेच.

पायरी पाचवी: एंडेमिक, नेटिव्ह, लोकल यांची सरमिसळ करू नका

नीटवाल्यांनी इथं लक्ष द्या, बारावीच्या बायोलॉजीत हे हमखास आहे.

'एंडेमिक' म्हणजे फक्त तिथंच, जगात दुसरीकडं नैसर्गिकपणे कुठंच नाही. मराठीत प्रदेशनिष्ठ म्हणतात, छान शब्द आहे, वापरा. इंडिजिनस म्हणजे तिथला, पण दुसरीकडंही असू शकतो. म्हणजे मोर भारतात इंडिजिनस आहे (बीड जिल्ह्यात नायगावला त्याचं अभयारण्यच आहे) पण श्रीलंकेतही मूळचाच आहे, म्हणून एंडेमिक टू इंडिया म्हणता येणार नाही. रानपिंगळा हे छोटं घुबड मात्र फक्त मध्य भारतातल्या जंगलात, तो एंडेमिक. जैवविविधतेचा हॉटस्पॉट ठरवताना किमान १५०० एंडेमिक वनस्पती लागतात ते पाठ असंल तुम्हाला, तिथं 'इंडिजिनस' घातला तर उत्तर चूक.

डोकं चालवायला एक गंमत. गुलमोहर प्रत्येक कॉलेजच्या गेटवर आहे, तरीही 'गुलमोहर इज एंडेमिक टू मादागास्कर' हे वाक्य बरोबर आहे. कारण इथं माणसानं आणून लावलेले मोजत नाहीत, नैसर्गिकपणे तो फक्त मादागास्करचा.

आता हाच 'एंडेमिक' डॉक्टर वापरतात तेव्हा अर्थ जरा सरकतो. एखाद्या भागात कायम मुक्काम ठोकून असलेला आजार, जसं 'मलेरिया इज एंडेमिक इन गडचिरोली'. इथं 'इन' येतो बरं का, 'टू' पेक्षा 'इन' जास्त. 'फक्त तिथंच' असा अर्थ इथं नाही. ग्रीकमधला 'डेमॉस' म्हणजे लोक, तो एंडेमिक, एपिडेमिक, पँडेमिक तिन्हीत आहे, कोरोनाच्या वेळी सगळ्यांना पाठ झालतं.

'नेटिव्ह' हा इंडिजिनसचा साधा भाऊ, झाडाप्राण्यांसाठी दोन्ही चालतात, 'नेटिव्ह टू' लिहा आणि निवांत राहा. मला विचाराल तर नवीन माणसानं आधी नेटिव्ह वापरावा. फक्त माणसांना 'नेटिव्ह्ज' असं नाम करून म्हणू नका, साहेबांच्या काळातला वास येतो त्याला. 'ही इज अ नेटिव्ह ऑफ परभणी' चालतं, तिथं 'ऑफ' येतो. आणि आपण 'माझं नेटिव्ह प्लेस उदगीर' म्हणतो ते आपल्याकडचं इंग्रजी, पुण्यामुंबईत चालतं, बाहेरच्याला 'होमटाऊन' सांगा.

'लोकल' म्हणजे नुसतं जवळचं. लोकल भाजी म्हणजे जवळच्या शेतातली, मग ती टोमॅटो का असंना.

पायरी सहावी: माणसांबद्दल लिहिताना जपून

'इंडिजिनस पीपल्स' हा आता संयुक्त राष्ट्रांचा शब्द आहे. ९ ऑगस्टला किनवट-माहूरकडं जो आदिवासी दिवस जोरात होतो, त्याचं इंग्रजी नाव यावरूनच, आणि १३ सप्टेंबर २००७ ला त्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, भारतानं बाजूनं मत दिलं. पण आपल्या सरकारची भूमिका अशी राहिली की सगळेच भारतीय इथले मूळ. राज्यघटनेत शब्द आहे 'शेड्यूल्ड ट्राइब्ज', अनुसूचित जमाती. म्हणून सरकारी फॉर्म, परीक्षेचं उत्तर, अर्ज यात तोच वापरा. गोंड, कोलाम, आंध यांच्याबद्दल लेख लिहित असाल तर जमातीचं नावच लिहा की सरळ, त्याच्यापेक्षा बरोबर शब्द कुठला असणार.

पायरी सातवी: सरकारी इंग्रजीतला इंडिजिनस ओळखा

दोन जागा आहेत. पहिली संरक्षण खातं. २ सप्टेंबर २०२२ ला विक्रांत जहाज नौदलात आलं तेव्हा सगळ्या पेपरात 'इंडिजिनस', तिथं अर्थ 'स्वदेशी', देशात बनवलेलं. इथं जन्माबिन्माचा विचार करू नका, सरळ स्वदेशी वाचा.

दुसरी जागा म्हणजे गुरंढोरं, आणि हे मला मामाच्या गोठ्यात कळालं. पशुगणनेला माणूस आलता, हातात मोबाईल, त्यात ॲप. मामाकडं एक लाल कंधारी गाय, एक काळीपांढरी संकरित, आणि एक अशीच, शिंगं एक वर एक खाली, आई कोण बाप कोण माहीत नाही. त्या माणसानं मला बघून सुटकेचा श्वास सोडला, म्हणला सर तुम्ही सांगा, एक्झॉटिक, क्रॉसब्रेड, इंडिजिनस.

मामा म्हणले, 'काय लिहायलास रे? गावरान लिही की सगळ्यास्नी.'

मी म्हणलं, मामा, गावरान असा रकाना नाही. कंधारी ही नोंदलेली जात, कंधार तालुक्यावरून नाव, ती इंडिजिनस. काळीपांढरी क्रॉसब्रेड. आणि ती तिसरी पण देशीच, पण कुठल्याच जातीत बसत नाही, तिला 'नॉन-डिस्क्रिप्ट' म्हणतात, म्हणजे वर्णनच नाही अशी.

'वर्णन नाही म्हंजे?' मामा तापले. 'धा वरीस दूध देऊलाली, वर्णन नाही?'

मी गप बसलो. पण तुम्ही लक्षात ठेवा: इथं 'एक्झॉटिक' म्हणजे सुंदर, आकर्षक नव्हे, जसं हॉटेलच्या मेन्यूत असतं. सरकारी कागदात एक्झॉटिक म्हणजे परदेशी, जर्सी, होल्स्टीन. देवणी, लाल कंधारी, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी ही सगळी इंडिजिनस ब्रीड्स. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळी अजून उस्मानाबादीच आहे, जातीचं नाव आहे ते, परीक्षेत बदलू नका. देवणीतले वानेरा, बाळंक्या, शेवेरा हे रंगावरून प्रकार, बाळंक्या पूर्ण पांढरी, वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, शेवेऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. इंटरव्ह्यूत लातूरवाल्यानं एवढं सांगितलं तरी समोरचा खुश होतो, सीताफळापेक्षा हे सांगा.

उलट बाजूचे शब्द पण एका दमात सांगून टाकतो. बाहेरून आणलेलं ते 'इंट्रोड्यूस्ड' किंवा 'एलियन', आणि बाहेरून येऊन इथल्याचं वाटोळं करणारं ते 'इन्व्हेझिव्ह'. गाजर गवत, घाणेरी, वेडी बाभूळ, नदीनाल्यातली जलपर्णी, सगळी अमेरिकेकडची आणि सगळी इन्व्हेझिव्ह. सीताफळ एलियन आहे पण त्याला इन्व्हेझिव्ह म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शेवटी सराव

वहीत पान आखा, घरातल्या, अंगणातल्या दहा गोष्टी लिहा, प्रत्येकीपुढं एक वाक्य: अमुक इज नेटिव्ह टू तमुक, किंवा नॅचरलाइज्ड इन, किंवा नुसतं फेमस इन. शंका आली की आधी मूळ कुठलं ते शोधा, मग लिहा.

मी हा सराव मामाच्या ओसरीवर बसून केला, ते जेवत होते, त्यामुळं ताटातूनच सुरुवात केली. भाकरी, म्हणजे ज्वारी, आफ्रिका. ठेच्यातली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणली. शेंगदाणे दक्षिण अमेरिका. लसूण मध्य आशिया.

मामांचा घास हातातच राहिला. 'मग ठेचा कुणाचा?'

'ठेचा आपलाच की मामा, करायची रीत आपली. सामान तेवढं बाहेरचं.'

त्यांनी ताटाकडं जरा वेळ बघितलं. 'अन् मीठ?'

'मीठ समुद्राचं. मराठवाड्याला कुठाय समुद्र.'

'तुझी वही ठेव तिकडं,' मामा म्हणले, 'अन् वरण वाढ. तूर तर आपली हाय म्हणलास ना मगाशी?'